पावलावरची लेक

बारावा महिना, सतरावी तिथी. गाडीत.

विहीणबाई,

उभ्याने वाचू नका, आधी बसा. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा काही बरे नाहीत, आणि माझं बोलणं लांबतं हे तुम्हाला ठाऊक आहे. फोन तुम्ही उचलत नाही, उचललात तर माझा आवाज ऐकून ठेवून देता, म्हणून म्हटलं कागद बरा. कागद फाडताही येतो म्हणा. पण तुमच्यासारखी बाई पाकीट न उघडता फाडायची नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते.

अक्षर वाकडं आहे ते गाडीमुळे. घरी बसून लिहिलं तरी वाकडंच येतं, ती गोष्ट वेगळी. मी शाळेत गेले दुसरीपर्यंत, मग धाकट्या भावाला पाठीशी बांधायला घरात कोणी नव्हतं. जे अक्षर आठवत नाही तिथं मी गोल काढते, तुम्ही समजून घ्या. यिरू शेजारीच बसली आहे, तिला विचारलं तर पटकन काढून देईल, पण नातच ती, मग अमा कुणाला लिहितेस, काय लिहितेस, का लिहितेस, सगळं विचारेल. त्यापेक्षा गोल बरे.

तर आम्ही तायपेईला निघालोय. फिरायला. दुसरं काही नाही. पोरांना हिवाळ्याची सुट्टी लागली, माझ्या योंगशिनच्या भातगिरणीतली वर्षअखेरची जेवणं उरकली, आणि च्यूयेन म्हणाली, "आई, मुलांनी अजून पांडा पाहिला नाही." मी म्हटलं, मीसुद्धा कुठे पाहिलाय. ठरलं.

हो, च्यूयेनही बरोबर आहे. नाव वाचून कागद खाली ठेवू नका.

चिशांगच्या फलाटावर डबे घेतले. या डब्यांची एवढी कीर्ती आहे की लोक दुसऱ्या गावाहून खायला येतात, आणि आमचा कायकाय त्यातलं लोणचं तेवढं खाऊन भात बापाला देतो. बोगद्यात गाडी शिरली की ओरडतो, बाहेर पडली की पुन्हा ओरडतो. समोरचे म्हातारे गृहस्थ आधी वैतागले, आता तेही त्याच्याबरोबर ओरडताहेत. पाच वर्षांचा झाला तो. तुमची हुईचेन गेली तेव्हा अंगावर पीत होता. त्याला आई म्हणजे देव्हाऱ्यातला फोटो. यिरूचं तसं नाही. आठ वर्षांची आहे, तिला सगळं आठवतं. आईची उशी अजून धुवू देत नाही.

योंगशिननं च्यूयेनशी लग्न केल्याचं कळल्यावर तुम्ही नवव्या महिन्यात फोनवर म्हणालात, "माझी लेक म्हणजे काय भाताचा वाडगा होता? फुटला, की दुसरा आणला?" आणि फोन ठेवलात. ते वाक्य मी तेव्हापासून भांडी घासताना रोज ऐकते. उत्तर सापडलेलं नाही. सापडलं असतं तर पुन्हा फोन केला असता.

रीत मी तुम्हाला काय सांगणार. दुसरेपणाच्या सुनेनं पहिलीच्या आईच्या दारात जायचं, तिला "आई" म्हणायचं, आणि आईनं तिला आत घ्यायचं. पहिलीच्या पावलावर पाऊल ठेवणारी लेक. मग नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या लेकी माहेरी निघतात, तेव्हा हीसुद्धा पोरांना घेऊन त्याच घरी जाते. तुमच्या मावशीकडे अशी लेक होती. हुईचेनच्या लग्नात मला बाजूला घेऊन तुम्हीच सांगितलं होतंत की मावशीच्या शेवटच्या आजारात सख्ख्या मुली पोचायच्या आत ती आली होती.

आता तो दुसरा दिवस तोंडावर आला. दर वर्षी योंगशिन पोरांना घेऊन तुमच्याकडे येतो. यंदा तुमच्याकडून "या" आलेलं नाही. "येऊ नका" असंही आलेलं नाही. मी मधल्या मध्ये लोंबकळते आहे, आणि पोरं विचारतात, अमा, तायपेईच्या अमाकडे कधी जायचं.

मी काही मागत नाही. फिरायला निघालोय. स्टेशनाच्या मागे ते सोयाबीनच्या दुधाचं जुनं दुकान आहे ना, त्याच्या वरच्या लॉजमध्ये उतरणार आहोत. सहज सांगितलं.

समुद्र दिसायला लागला. कायकाय आता समुद्रावरही ओरडतोय.

आछाय

&nbsp;

अठरावी तिथी. लॉजमध्ये, पोरं अंघोळीला गेली आहेत तोवर.

विहीणबाई,

पांडा पाहिला. म्हणजे पांडाची पाठ पाहिली. त्याहून खालचा भाग म्हणा.

सगळी तायपेई तिथं रांगेत होती. आत काचेपलीकडे तो गडी भिंतीकडे तोंड करून झोपलेला, आणि आमच्याकडे त्याचा तो भाग. लोक त्याचेच फोटो काढत होते. कायकायनं भोकांड पसरलं. "तो उठत का नाही? मी लांबून आलोय!" योंगशिन म्हणाला, "रडू नको, लोक बघताहेत." तुमचा जावई तुम्हाला माहीत आहे, तोंडात घास धरल्यासारखा गप्प असतो आणि बोलला की असं काहीतरी बोलतो. तेवढ्यात च्यूयेननं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि दणक्यात हाळी दिली, "ओ देखण्या! तुझं ऑम्लेट झालं!"

तिचं न्याहारीचं दुकान आहे, हे मी सांगितलं होतं की नाही आठवत नाही. सकाळी शाळेची पोरं, गिरणीतले लोक, बसचे ड्रायव्हर, सगळे तिच्याकडे. आणि न्याहारीच्या दुकानातल्या बाया कशा बोलतात ते तुम्हाला काय सांगायचं, बाप्या दिसला की "देखण्या", बाई दिसली की "सुंदरी". सत्तर वर्षांचा बोळका आला तरी देखणाच. तीच सवय तिच्या जिभेला लागली आहे. पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा मला म्हणाली, "सुंदरी, तुमच्या हातची मुळ्याची वडी फार ऐकली." मला राग आला. मग आरशात पाहिलं. मग तितका राग राहिला नाही.

पांडा उठला हो! खरंच उठला. कूस बदलली, एक बांबू उचलला, आणि पुन्हा झोपला. सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला वाटेल विहीण नव्या सुनेचं कौतुक ऐकवायला बसली. मी काही आंधळी नाही. तिचा आवाज मोठा आहे. नळ उघडा सोडते. हुईचेन कपडे वाळत घालायची ते रांगेत उभ्या सैनिकांसारखे दिसायचे, ही घालते तर भांडण झाल्यासारखे. पण रोज सकाळी दुकानात निघण्याआधी देव्हाऱ्यात उदबत्ती लावते, आणि फोटोपुढे उभी राहून सांगते, "ताई, कायकायनं काल दात घासले नाहीत. ताई, यिरूला गणितात कमी पडले, पण बाईंनीच चुकीचं तपासलं असं तिचं म्हणणं आहे." तिला कुणी शिकवलेलं नाही. मी दाराआडून ऐकते. मीही हुईचेनला इतकं सविस्तर सांगत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मघापासून इकडचं तिकडचं चाललंय.

प्राणिसंग्रहालयातून डोंगरावर जाणारा पाळणा आहे, दोरावरून जातो. त्यात काही पाळण्यांना खालून काच असते. यिरू म्हणाली काचेचाच हवा. बसलो. सुटला तशी पायाखाली झाडं, दरी, धुकं. मी डोळे मिटून माझू देवीचं नाव घेत होते. एकदा उघडले तर यिरूनं च्यूयेनचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बोटं पांढरी झाली होती. च्यूयेन एक शब्द बोलली नाही. तिच्यासारखी बाई, आणि एक शब्द नाही. बाहेर बघत राहिली, जसं काही तिला कळलंच नाही.

उतरल्यावर यिरूनं मला ओढून बाजूला नेलं.

"अमा, तू पाहिलंस?"

"काय गं?"

"मी हात धरला ते."

"पाहिलं. मग काय झालं? मला कुणी हात दिला असता तर मीही धरला असता."

"तायपेईच्या अमाला सांगू नको."

"का?"

"ती म्हणेल मी आईला विसरले. मग मला घरात घेणार नाही."

मी तिला सांगितलं की असं काही नसतं. पण विहीणबाई, मी सांगून काय उपयोग. ते तुमच्या तोंडून यायला हवं.

सांगू नको म्हणाली होती, आणि मी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही लग्नाच्या बैठकीतच ओळखलं होतंत.

पोरं आली, केसांतून पाणी गळतंय.

आछाय

&nbsp;

एकोणिसावी तिथी. देवळाच्या पायरीवर.

विहीणबाई,

पाठीला खांब, मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद. योंगशिन पोरांना घेऊन शेजारच्या गल्लीत वनस्पतींचा काढा पाजायला गेलाय. कायकायनं काल थंड फार खाल्लं, खोकतोय. च्यूयेनही गेली. मी म्हटलं मला देवाशी बोलायचंय, तुम्ही व्हा पुढे. खरं म्हणजे मला तुमच्याशी बोलायचंय.

मला इथं एका जागी बसवत नाही. लॉजमध्ये बसले की वाटतं खाली जावं. खाली गेले की वाटतं वर कुणी आलं असेल. काउंटरवरच्या पोरीला मी इतक्यांदा विचारलं, कुणी आलं होतं का, काही निरोप, की ती आता मला जिन्यात बघूनच मान हलवते. योंगशिन म्हणतो, "आई, तुझ्या पायात काय शिरलंय?" मी म्हणते, शहराची हवा. त्याला पत्रांचं माहीत नाही. तो म्हणालाच होता, आई, तू त्यात पडू नको, त्यांना वेळ दे. चार महिने वेळच देतोय की! वेळ दिला की माणसं मऊ होतात म्हणे. मी तर वेळ देऊन दगड झालेली माणसं पाहिली आहेत.

सकाळी त्या उंच इमारतीवर गेलो. लिफ्ट इतकी जोरात जाते की कान बंद होतात. कायकाय म्हणाला, "अमा, माझे कान बंद पडले," आणि सगळ्या लिफ्टमध्ये ओरडून बोलायला लागला. वर पोचलो तर काय, चहूकडे ढग. पांढरं. काही म्हणजे काही दिसेना. लोक पांढऱ्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. योंगशिनचा चेहरा बघवत नव्हता.

मी तिथल्या गणवेशातल्या पोराला विचारलं, "बाळा, सानचोंग कुठल्या बाजूला?"

"नदीपलीकडे, त्या तिकडे, आजी. पण आज दिसणार नाही."

"दिसलं नाही तरी चालेल. बाजू दाखव."

त्यानं बोट दाखवलं. मी त्या पांढऱ्याकडे हात हलवला. यिरूनंही हलवला. कायकायनं विचारलं, कुणाला, यिरू म्हणाली, तायपेईच्या अमाला. मग तोही हलवायला लागला, दोन्ही हातांनी. च्यूयेन आमच्या मागे उभी होती. तिनं हात वर केला, आणि मग हळूच खाली घेऊन केस सारखे केले.



नंतर तिला एकटीला गाठून विचारलं, "नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तू कुठं जायचीस गं, लग्नाआधी?" माहेर म्हणून. तिची आई ती लहान असतानाच घर सोडून गेली, दुसरीकडे संसार मांडला, तिकडे हिला कुणी बोलावत नाही. ती म्हणाली, "मी दुकान उघडं ठेवायचे, आई. सगळी दुकानं बंद असतात त्या दिवशी, गिऱ्हाईक चांगलं होतं." आणि हसली. मला तिचं हसणं आवडलं नाही.

आता देवाचं सांगते. मी कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकून विचारलं. म्हटलं, देवा, बोलावणं नसताना विहिणीच्या दारात जावं का? दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देव हसला. मी म्हटलं, हसू नकोस, मी गंभीरपणे विचारतेय. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. शेजारची बाई म्हणाली, "आजी, प्रश्न बदला." मग मी विचारलं, विहीणबाई दार उघडतील का? दोन्ही पालथ्या. म्हणजे नाही. मी ते मोजायचं नाही असं ठरवलं, कारण माझा हात घसरला होता. परत विचारलं, परत टाकल्या, आणि एक सपाट एक पालथी. हो! आता तुम्ही म्हणाल देवाला कंटाळा आला म्हणून त्यानं हो म्हटलं. असेल. कंटाळून दिलेलं असलं तरी हो ते हो.

इथून मेट्रोनं तुमचं घर फार लांब नाही. मी नकाशा पाहिला. मी काही मागत नाही.

आछाय

&nbsp;

विसावी तिथी. पहाटे, सोयाबीनच्या दुधाच्या दुकानात.

विहीणबाई,

तुम्ही आलात आणि वर आला नाहीत!

काल देवळातून परतलो तर ती काउंटरवरची पोरगी या वेळी मान हलवेना. खालून कापडी पिशवी काढून पुढे ठेवली. "एक आजी देऊन गेल्या. नाव सांगितलं नाही. थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत." पिशवीत दोन स्वेटर. निळा आणि लाल. कॉलरचा टाका बघितला आणि मला कळलं, तसा टाका सगळ्या बेटावर एकटी बाई घालते. हुईचेनच्या रुखवतात तसल्या टाक्याची शाल होती, मी ती अजून थंडीत काढते.

योंगशिननं स्वेटर हातात घेतला आणि मला विचारलं, "आई, त्यांना आपण इथं आहोत हे कसं कळलं?" मी म्हटलं, तायपेई काही फार मोठं शहर नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं सांगून टाकलं. तीन पत्रं, लाल पेटी, म्हणजे लवकर पोचतं ती, सगळं. वाटलं आता ओरडेल. तो बाहेर जिन्यात गेला, आणि परत आत येऊन म्हणाला, "लग्नाआधी एकदा तिच्या आवडीच्या तिळाच्या वड्या घेऊन त्यांना सांगायला जायला हवं होतं. मी धीरच केला नाही." तिच्या म्हणजे हुईचेनच्या. चार वर्षांत तो तिचं नाव घेत नाही. मला वाटायचं विसरला.

आता स्वेटरांबद्दल. यिरूचा लाल अगदी नेमका बसला. घालूनच झोपली. कायकायचा मात्र डोक्यातून कसाबसा उतरला. खांद्यांत घट्ट, हात कोपराच्या जरासे खाली. तो म्हणतो, "अमानं माझा लहान भाऊ समजून विणला." तुमचा अंदाज चुकला नाही, विहीणबाई, तुम्ही त्याला मागच्या नव्या वर्षात पाहिलंत, तेवढाच तो तुमच्या डोळ्यांत राहिला. पोरं थांबत नाहीत. मापाला पोर समोर लागतं.

च्यूयेननं तो निळा स्वेटर घडी केला, उलगडला, परत घडी केला. मग म्हणाली, "आई, माझ्यासाठी काही नाही हे बरोबरच आहे." मी म्हटलं, तुझं माप त्यांना कुठं ठाऊक. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना लिहीत होतात, मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू आली असतीस? ती म्हणाली, "नसते आले. मला भीती वाटते. मला फक्त गिऱ्हाइकांशी बोलता येतं. तिथं दारात उभी राहून मी काय म्हणू? कुणाची तरी जागा मागायला आलेय असं वाटेल त्यांना." मी म्हटलं, जागा मागायची नाही. जागेवर धूळ बसू नये म्हणून जायचं. हे कुठून सुचलं मला माहीत नाही. रात्री खालून आणलेलं दूध गरम होतं, त्याचा परिणाम असेल.

तर आता मी मागते. आतापर्यंत खोटं लिहीत होते, मी मागतच होते.

उद्या दुपारी आम्ही तुमच्या दारात येतो. योंगशिन, ती आणि पोरं. घंटी वाजवतील. नको असेल तर खालचं दार उघडू नका, एवढंच पुरे, कुणाला काही बोलायला लागणार नाही. पोरांना मी सांगेन अमा बाजारात गेली. पण उघडलंत तर चौघांना उघडा. दोन पोरांना आत आणि तिला जिन्यात, असं करू नका. यिरू ते आयुष्यभर लक्षात ठेवील, आणि मग ती कुणाचाच हात धरणार नाही.

परवा सकाळची परतीची गाडी आहे.

दुकानदार म्हणतोय, आजी, वाडगा कधीचा रिकामा झालाय. लोक उभे आहेत. उठते. हे लाल पेटीत टाकते.

आछाय

&nbsp;

एकविसावी तिथी. तुमच्याच घराखाली.

विहीणबाई,

तुम्ही वर आहात आणि मी खाली, तुमच्या इमारतीच्या पायथ्याच्या वाफाळ पावांच्या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर. हे पत्र पेटीत जाणार नाही. मग का लिहिते? हात रिकामे ठेवले तर मी जिना चढेन म्हणून. मी ठरवलं होतं की वर जायचं नाही. सासू मध्ये उभी राहिली की माहेर माहेर राहत नाही.

पाऊस कधीचा भुरभुरतोय. मेट्रोतून आलो तोवर सगळ्यांचे पाय भिजले. च्यूयेननं वाटेत चार वेळा विचारलं, आई, मी बरी दिसते ना. हातात फळांची पेटी, लाल कागद लावलेली, तो कागद पावसात रंग सोडून तिच्या बोटांना लागला. दारापाशी पोचलो, मी शेजारीच या स्टुलावर टेकले, तर घंटीचं बटण कुणी दाबेना. योंगशिन तिच्याकडे बघतो, ती यिरूकडे. शेवटी तिनंच दाबलं.

घंटीखालच्या बोलायच्या जाळीतून तुमचा आवाज आला, "कोण?"

आणि तिची जीभ, विहीणबाई! रात्रभर ती "आई, मी च्यूयेन" एवढं घोकत होती. मी ऐकत होते. पण भीतीनं डोकं रिकामं झालं की जीभ आपल्या धंद्यावर जाते. ती मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुंदरी! आज काय देऊ?"

योंगशिननं कपाळाला हात लावला. मी स्टुलावर अर्धी उठले. च्यूयेनचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग यिरू टाचा उंच करून जाळीपाशी गेली आणि ओरडली, "अमा, ती सगळ्यांनाच म्हणते! पांडालासुद्धा देखण्या म्हणाली!"

आणि मग कुलूप खटकन उघडलं.

ते चौघं आत गेले. दार मिटलं. तेव्हापासून मी इथं.

पाववाला बोलका आहे. विचारलं, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर. तो म्हणाला, "त्या बाईंकडे? त्या कुणाशी बोलत नाहीत हो. पण आज सकाळी हातात कसलं पत्र घेऊन आल्या आणि माझ्या नातवाला दारात उभं करून त्याचे खांदे मापले. मी म्हटलं, काकू, पोराला न्यायचंय का? तर म्हणाल्या, गप्प बस, पाच वर्षांचाच आहे ना? मग बाजारात गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा गेल्या त्या आलं आणायचं विसरलं म्हणून." मी हसले तर त्याला कळेना मी का हसते. पाव एकच घेतला होता, दुसरा घेतला.

पण आता फार वेळ झाला. वरून एकही आवाज नाही. कायकाय ज्या घरात आहे त्या घरातून आवाज नाही म्हणजे काय? मी खिडकीकडे बघून बघून मान अवघडली. पोरांना आत घेतलं आणि ती जिन्यात बसली असेल का? बसली असेल तर तोंडानं सांगायची नाही, खाली येऊन म्हणेल, आई, छान झालं. मी तिला ओळखते आता.

विहीणबाई, पाववाल्यानं खालचं दार उघडून दिलं, मी जिना चढतेय.

दुसरा मजला. दम खाते.

तिसरा. इथं कुणाच्या तरी कुंड्या आहेत, त्यांच्यामध्ये बसून लिहितेय. वरच्या वळणावर च्यूयेन नाही. जिना रिकामा.

तुमच्या दाराशी आले. वाजवलं नाही अजून. तुमची शिस्त मला पाठ आहे, पाहुण्यांचे जोडे दाराबाहेर, घरच्यांचे आतल्या फळीवर. हुईचेनच्या साखरपुड्याला माझे बाहेर होते आणि शेजारच्या कुत्र्यानं एक नेला. आता बाहेर फक्त योंगशिनचे आहेत. बाकी कुणाचे नाहीत. म्हटलं पोरांना घेऊन ती गेली की काय? पण गेली असती तर माझ्या समोरूनच.

बाहेरचं लोखंडी दार लावलेलं आहे, आतलं लाकडी दार हवेसाठी थोडं लोटलेलं. गजांतून वाकून पाहिलं. फळीवर पोरांचे बूट. आणि त्यांच्या शेजारी च्यूयेनचे कापडी जोडे, ओले, भिंतीला टेकवून उभे केलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. एकेक बोळा नीट, घट्ट, टाचेपर्यंत. ते काही तिनं केलेलं नाही. तिचे कपडे कसे वाळतात ते मी तुम्हाला लिहिलंय.

आणि तुमचा आवाज येतोय, स्वयंपाकघरातून. "एवढ्या पावसात कापडी जोडे घालून कुणी येतं का? अक्कल आहे की नाही? आधी पाय पूस. आणि ते आल्याचं सूप गरम आहे तोवर पी, गार झालं तर मी परत तापवून देणार नाही." मग कुणीतरी हुंदका दिल्यासारखं, की हसल्यासारखं. मग कायकाय, "अमा, मलाही रागव!"

योंगशिनचे जोडे बाहेरच राहिले. असू द्या. त्याच्याशी तुमचा हिशेब तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

आता उठते. घंटी वाजवते. लगेच दाराशी धावत येऊ नका, विहीणबाई. जोडे सोडायला मला वेळ लागतो, आणि डोळे पुसायलाही.

आछाय